चितेतून आलेले दात

नंदुरबारच्या बाजारात वाहिद दातवाल्याचं दुकान चालत होतं, तोवर अमिनाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. वाहिद सुरतेला एका दातांच्या डॉक्टरकडे बारा वर्षं राबून कवळ्या करायला शिकला होता. घरी परतल्यावर त्याने बायकोला, अमिनाला, शिकवलं ते घासण्या-पुसण्याचं काम. पण मेणात चिनी मातीचे दात लावायला ती बसू लागली आणि तिचा हात त्याच्याहून सरस निघाला. माणसाचा रंग आणि ओठांची ठेवण पाहिली की कुठला दात पिवळसर हवा, कुठला निळसर, हे तिला लगेच कळे.

छत्तीस साली कवळीचं रबर शिजवायचं वाफेचं भांडं फुटलं. झडप अडकली होती आणि वाहिद वर वाकून बघत होता. जीव वाचला, डोळे गेले. पुरुष गिऱ्हाइकं त्यानंतर तुटली. बाईमाणसाचा हात तोंडात घालून घ्यायला कोण तयार होणार? बायका मात्र येत राहिल्या. अमिना काम करी आणि वाहिद कोपऱ्यात बसून एकेक दात नखावर आपटून पाही. धड दात बारीक खणखणे, आतून तडकलेला बद्द वाजे. तेवढंच काम त्याच्याकडे उरलं होतं.

मग लढाई लागली. दात विलायतेहून येत, ते यायचे थांबले. बेचाळीसच्या दिवाळीला अमिनाची पेटी रिकामी झाली.

त्या हिवाळ्यात कापसाचे व्यापारी शांतीलाल शेठ यांची आई वारली. तिने अमिनाने केलेली कवळी नऊ वर्षं वापरली होती. तिसऱ्या दिवशी शांतीलाल स्मशानातून थेट अमिनाच्या दारी आले. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. रबर जळून गेलं होतं, पण दात तसेच होते. मागे बसवलेल्या तारांसकट. राख पुसली की खाली पहिल्यासारखी चकाकी.

"अमिनाबेन, बामन सांगस, हाई हाड नही, तापीमा सोडता येनार नही," शांतीलाल म्हणाले. "घरमा ठेवाले मन धजत नही. तुम्ही बनाडेल शेतस, तुम्हीच जमीनमा पुरी टाका."

"पुरी टाकसू, शेठ," अमिना म्हणाली, आणि तेव्हा तिच्या मनात तेच होतं.

धुताना आवाज झाला तसा वाहिदने हात पुढे केला. तिने एक दात त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याने नखावर आपटला.

"कोरा दात शे. कोठे भेटना?"

तिने सांगितलं. वाहिदने दात लगेच परत केला. "पुरी टाक. शब्द दिधा तू."

अमिनाने ते एका डब्यात घातले. उद्या पुरू म्हणाली. असे बरेच उद्या गेले.

फाल्गुनात वत्सलाबाई आल्या. मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या, विधवा, चव्वेचाळीस वर्षांच्या. हिरड्या सडून वरचे सगळे दात गेले होते. 'स' आणि 'त' तोंडातून नुसता वारा होऊन बाहेर पडत. मुली पाठीमागे त्यांची नक्कल करत. तपासनीस साहेबांनी लेखी कळवलं होतं, बाईंचं बोलणं जूनपर्यंत सुधारलं नाही तर त्यांना कमी करावं.

"सुरतेला माणूस पाठवला होता, अमिनाबी," त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "लढाई संपेपर्यंत दात नाहीत म्हणाले."

त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं, तेव्हा अमिनाला कळलं.

त्या गेल्यावर अमिनाने डबा काढला. वाहिद ऐकत होता. तिने प्रत्येक दाताला शाई लावली आणि फडक्याने पुसली. धड दातावर शाई ठरत नाही. तडा असेल तिथे केसाएवढी काळी रेघ राहते. वरच्या चौदांतले दोन तडकलेले निघाले. ते दाढांकडचे होते, त्यांच्याविना चालणार होतं. पुढच्या एका दाताचा कोपरा शेठच्या आईने हट्टाने सहाणेवर घासून घेतला होता, तिचा मूळचा दात तसा होता म्हणून. त्याला आता इलाज नव्हता. चिनी माती घासली ती गेली, ती परत भरता येत नाही.

दोन दिवसांनी अमिनाने बाईंना बोलावून खरं ते सांगितलं.

वत्सलाबाई डब्याकडे बघत बसल्या. "शेठना विचारलंस?"

"नही."

"विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी शाळेच्या खोलीत राहते. ते नाही म्हणाले, तर जूनमध्ये कुठे जाऊ?"

अमिनाने कवळी केली. भांडं तापल्यावर घाईने उघडलं तर दात तडकतात, म्हणून दिवसभर त्याला हात लावला नाही. पहिल्या दिवशी वत्सलाबाईंनी आरशासमोर सात म्हटलं, सत्तर म्हटलं, आणि मग कवळी काढून हमसून रडल्या. पण शाळेत त्या ती घालून गेल्या. मुलींच्या नकला बंद झाल्या.

वैशाखात शाळेचा बक्षीस समारंभ होता. शांतीलाल शाळेच्या समितीवर होते, पहिल्या रांगेत बसले होते. वत्सलाबाई नावं वाचायला उभ्या राहिल्या आणि एका मुलीकडे बघून हसल्या.

दुसऱ्या दिवशी शांतीलाल अमिनाच्या ओट्यावर येऊन बसले. आवाज चढवला नाही.

"तुम्ही माले सांगं व्हतं, पुरी टाकसू."

"हो, शेठ."

"मन्ही माय तठे उभी ऱ्हाईसन हासी ऱ्हायनी व्हती. मी कसा बसू तठे?"

आतून वाहिद म्हणाला, "शेठ, त्या मास्तरीणबाईना पोटनी गोट शे."

"समजस माले," शांतीलाल म्हणाले. "पन ती मन्ही माय शे."

दात परत हवेत, आणि पुन्हा कुणाच्या तोंडात जाणार नाहीत असे करून हवेत, एवढंच त्यांनी सांगितलं. अमिना शाळेच्या खोलीवर गेली. निरोप ऐकून वत्सलाबाईंनी कवळी काढली, धुतली आणि तिच्या हातात दिली.

अमिनाने शांतीलालांसमोर दात सुटे करून लोखंडी खलात घातले. पहिल्या घावाला एक दात उडून भिंतीवर आपटला आणि धड राहिला. शांतीलालांनी तो उचलून परत टाकला आणि खल दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिने वर फडकं घातलं. मग मात्र ते फुटत गेले, काचेसारखे, आणि शेवटी पांढरा भुगा झाला. शांतीलाल तो रुमालात बांधून घेऊन गेले. त्यांचे डोळे भरले होते. अमिनाचे कोरडे होते.

जूनमध्ये वत्सलाबाईंना कमी केलं. त्या धुळ्याला भावाकडे निघाल्या, तेव्हा अमिना मोटारीपर्यंत गेली. बाई खिडकीतून काहीतरी म्हणाल्या. अमिनाला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायचा तिला धीर झाला नाही. ती मान डोलावत राहिली.

सेहेचाळीस साली दात पुन्हा सुरतेत येऊ लागले. बाईंच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा अमिनाकडे होता. तिने कुणी न सांगता पहिली कवळी त्यावर केली आणि शेजाऱ्याकडून धुळ्याला पत्र लिहवून घेतलं. महिन्याने भावाचं कार्ड आलं. ताई मागच्या श्रावणात गेल्या. शेवटी शेवटी त्या कुणाशी बोलत नसत.

शेजाऱ्याने वाचून दाखवलं, वाहिदने ऐकलं. अमिनाने दिवा लावला, त्यावर कवळीचं रबर मऊ केलं आणि एकेक दात चिमट्याने काढून घेतला. पुढच्या आठवड्यात म्हसावदची एक म्हातारी आली. ते दात तिला बसले.