ओटीचं लुगडं

आमच्या मुंबईच्या कॉलेजाचा आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठाचा तेव्हा करार होता. वर्षाला त्यांचा एक विद्यार्थी इकडे, आमचा एक तिकडे. साठ सालाच्या पुढेमागे तिकडे जायची पाळी माझ्यावर आली. माझ्या बदल्यात जो मुलगा मुंबईला आला, तो दिवाळीला बोटीने मालवणला उतरला आणि तिथून आमच्या घरी, तोंडवलीला. हे सगळं माझ्या आईच्या हट्टामुळे. "तेंचो झील आमच्याकडे, आमचो झील तेंच्याकडे," ती म्हणाली. करारात असं काही नव्हतं. पण आईने ठरवलं की ते मला खरंच वाटायचं.

तिकडे पहिला महिना मी खोली गरम करायची कोळशाची शेगडी पेटवण्यात घालवला. घरमालकिणीने एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवणार नाही असं सांगितलं आणि ती खरंच दुसऱ्यांदा आली नाही. वर्गात प्राध्यापकांचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं. पाववाल्या बाईपुढे मी बोट दाखवून पाव मागायचो. सगळे सभ्य होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण अख्ख्या महिन्यात "ये, बस, जेवलास का?" असं मला कोणी विचारलं नाही. मी त्या मुलाच्या आईच्या निरोपाची वाट पाहत होतो. तेवढं एक घर मला आपलं वाटत होतं, न पाहताच.

निरोप आला. रविवारी दुपारी तीनला या. आमच्याकडे रविवारी दुपारी बोलावलं म्हणजे जेवायला. मी सकाळपासून पोटात काही घातलं नाही. दुसऱ्याच्या घरी पोट भरून जाणं म्हणजे त्या बाईचा अपमान, असं मी लहानपणापासून ऐकत आलेलो. गेलो तर टेबलावर कॉफी आणि केक. बाईंनी एक तुकडा वाढला. तो मी दोन घासांत संपवला. "आणखी?" त्यांनी विचारलं. मी "नको" म्हणालो, म्हणजे आपण म्हणतो तसं, पहिल्या वेळचं. त्यांनी मान डोलावली आणि केक आत नेला. साडेचारला नवरा-बायको दोघं उठून उभी राहिली आणि माझा कोट आला. रस्त्याला लागलो तेव्हा भुकेने आणि अपमानाने माझे कान तापले होते. आज कळतं, त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि त्याही मालवणीत.

हे घरी कसं लिहायचं? आईला वाचता येत नव्हतं. वडील मुंबईला नोकरीत. माझं पत्र आलं की शाळेतले गुरुजी घरापुढच्या खळ्यात बसून ते मोठ्याने वाचत आणि शेजारच्या चार बायका ऐकायला जमत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लिहिलं, "त्यांनी मला पोटच्या मुलासारखं जवळ केलं. आग्रह करकरून वाढलं. ताटावर हात आडवा धरला तरी ऐकेनात."

एकदा लिहिलं म्हणजे पुढे लिहिणं आलंच. नाताळात सगळं गाव दारं लावून बसलं होतं, तेव्हा मी खोलीत पावाला मुरंबा लावून खाल्ला आणि घरी लिहिलं की बाईंनी मला रात्री ठेवून घेतलं, गळ्यात लोकरीचा मफलर बांधला. तो मफलर मीच बाजारातून घेतलेला. त्या घरचं बोलावणं त्या रविवारनंतर कधी आलं नाही. मीही तिकडे फिरकलो नाही.

आणि गावाहून गुरुजींच्या अक्षरात आईची पत्रं येत. त्यांत सगळा तो. कॉलेजला सुट्टी लागली की तो तोंडवलीला. तो मांडी घालून जेवतो. तिरफळ घातलेला बांगडा खातो, सोलकढी मागून घेतो. मे महिन्यात किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला गेला आणि हाताला फोड आले, तर आईने खोबरेल लावलं. मालवणी बोलतो, आईला आये म्हणतो. ती पत्रं वाचून मी जळायचो. माझ्या जागेवर बसून माझं ताट तो खात होता, आणि त्याच्या घरी मला केकचा एक तुकडा. कोणाला सांगणार? माझी पत्रं ऐकून आई त्याला आणखी वाढायची; त्या ताटाला आग्रहाची फोडणी मीच घालत होतो.

त्याची मुदत माझ्याआधी महिनाभर संपली. परत आल्यावर त्याने मला घरी बोलावलं. दार उघडून तो मालवणीत म्हणाला, "ये रे, बस." जर्मनीत पहिल्यांदा मला कोणी असं म्हणालं. मला रडू यायला लागलं, ते मी दाबलं.

टेबलावर त्याने माझ्या आईने दिलेलं एक पुडकं सोडलं. तांदूळ, नारळ, खण, आणि आईचं तांबडं रेशमी लुगडं. तिच्या लग्नातलं. घरात रेशमी असं तेवढं एकच. सणाला नेसायची, उन्हात धरून परत ट्रंकेत ठेवायची. "ह्या नेसान आपून जातलंय," असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. सवाष्ण जावं आणि त्या लुगड्यात जावं, एवढीच तिची इच्छा.

आईचं बोलणं त्याने मला जसंच्या तसं ऐकवलं. "जी माझ्या झिलाक जेवक घालता, तिची ओटी भरूक नको?" मग तो आपल्या आईकडे वळून तेच जर्मनमध्ये सांगू लागला. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा गोंधळत गेला. "पण हे तर एकदाच आले होते," त्या म्हणाल्या. "कॉफीला."

तो माझ्याकडे वळला. मग त्यांना कळू नये म्हणून मालवणीत म्हणाला, "आयेक खोटा कित्याक सांगलंस?"

बाईंनी लुगड्याची घडी नीट केली आणि ते माझ्यापुढे सरकवलं. "हे मला घेता येणार नाही. मी यासाठी काही केलेलं नाही." नारळ तेवढा त्याने ठेवून घेतला. त्या बाईच्या प्रामाणिकपणाचा मला इतका राग आला की लुगडं काखेत मारून, निरोपही न घेता मी उठलो.

दिलेली ओटी परत येणं किती अशुभ, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. शिवाय माझी बॅग खळ्यात सगळ्यांसमोर आईच उघडणार होती. निघायच्या दिवशी ते लुगडं मी खोलीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, दार लावलं आणि किल्ली मालकिणीला दिली.

घरी पोचलो त्या संध्याकाळी आईने पहिलं तेच विचारलं. "नेसली ती? लुगडा तिका शोभला?"

"शोभलं," मी म्हणालो. "रडल्या त्या."

आई पदराने डोळे पुसून हसली आणि ही गोष्ट वर्षभर गावभर सांगत राहिली.

पाच-सहा वर्षांनी आई गेली. सवाष्णच गेली, तेवढं तिच्या मनासारखं झालं. बायकांनी ट्रंक उपसली. "तांबडा लुगडा खंय आसा?" कोणीतरी विचारलं. शेजारची म्हातारी अभिमानाने म्हणाली, "ता जर्मनीक. ज्या बायन ह्येका आवशीसारख्या संभाळल्यान, तिका दिलान." मग मालवणच्या बाजारात माणूस धाडला आणि त्याने एक हिरवं सुती लुगडं आणलं. त्याची खळ अजून निघाली नव्हती. ते तिला नेसवलं, आणि बायका मला समजावत राहिल्या की बाबा, तुझ्या आवशीचो हात मोठो.