प्रार्थनेचा विषय

कॅम्पला निघायच्या दिवशी आईने माझी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, दोन लाल मिरच्या. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. दारावर क्रूस, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर. पण बाहेरगावी निघालेल्या पोरीवरून मीठ-मोहरी ओवाळून तव्यावर जाळल्याशिवाय आईला चैन पडत नसे. वडील अशा वेळी कपाटात काहीतरी शोधत राहायचे. साजगावच्या कारखान्यात भल्याभल्या साहेबांना ऐकवणारा माणूस, पण आईपुढे बोलायची त्यांची टाप नव्हती. मिरच्या जळाल्या तरी कुणाला ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्त होती असं आई म्हणाली आणि मी पिशवी उचलून खोपोलीच्या स्टँडवर गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते करताना हे मी सोयीस्कर विसरले होते.

कॅम्प कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर होता. आजूबाजूच्या लहान लहान मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चची माणसं, मिळून मे महिन्यात मुलांसाठी आठ दिवसांचा कॅम्प घ्यायच्या. आंब्याची झाडं, पत्र्याच्या दोन लांब खोल्या, जेवणाची शेड आणि कपडे धुवायला एक हौद. वर माथेरानला लोक पैसे मोजून गार वारा खात होते आणि खाली आम्ही पत्र्याखाली फुकटात भाजत होतो. मी वीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच कौन्सिलर झाले होते. कौन्सिलर म्हणजे आठ मुलींची ताई. त्यांना उठवायचं, वेण्या घालायच्या, वचनं पाठ करून घ्यायची, भांडणं सोडवायची आणि कुणी मन मोकळं केलं तर ऐकून घ्यायचं.

गटांना बायबलमधल्या आत्म्याच्या फळांची, म्हणजे सद्गुणांची, नावं होती. प्रीती, आनंद, शांती अशी. चिठ्ठ्या टाकून नावं निघाली. मोठ्या मुलांच्या वाट्याला इंद्रियदमन आलं आणि आठ दिवस त्यांची बिचाऱ्यांची थट्टा झाली. माझ्या गटाचं नाव होतं विश्वासूपणा. मी पुठ्ठ्यावर रंगीत कागद कापून ती अक्षरं चिकटवली आणि खोलीच्या दाराला टांगली.

कॅम्पचा एक रिवाज होता. सकाळी मुलं उठायच्या आधी सगळे कौन्सिलर जेवणाच्या शेडमध्ये जमायचे आणि आपापल्या गटातले प्रार्थनेचे विषय सांगायचे. नाव घ्यायचं नाही, एवढा एकच नियम. 'एक मुलगी आहे, तिच्या घरी दारूचा त्रास आहे.' मग सगळे डोळे मिटायचे आणि कुणीतरी प्रार्थना करायचं. ज्याचा विषय जड, त्याच्याकडे सगळे आदराने बघायचे. असं कुणी म्हणत नव्हतं, पण तसं होतं. प्रीती गटाची कौन्सिलर रोज डोळे पुसत सांगायची. तिच्या गटातल्या पोरी तिच्या गळ्यात पडून रडत होत्या म्हणे. माझ्या पोरी मात्र डासांची तक्रार करायच्या आणि आमटी पाणचट आहे म्हणायच्या. तीन दिवस मी खोकला, डोकेदुखी आणि एकीच्या आजोबांचा गुडघा एवढेच विषय नेले. गुडघ्यासाठी प्रार्थना चालू असताना मला अक्षरशः लाज वाटत होती. कशाची लाज वाटावी याचीही अक्कल त्या वयात नसते.

चौथ्या दिवशी दुपारी हौदावर माझ्या गटातली एक मुलगी कपडे धूत होती. तेरा वर्षांची, काटक, स्वतःचं सगळं स्वतः करणारी. तिची आई कर्जतकडच्या एका मंडळीच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि बायकांच्या सभेत गाणी धरायची. वडील नव्हते. मायलेकी वसतिगृहाच्याच एका खोलीत राहायच्या. मी माझी ओढणी घेऊन तिच्या शेजारी बसले. ती बराच वेळ एकच फ्रॉक चोळत होती. मग खाली बघूनच तिने विचारलं, "ताई, देवीला नवस केला तर माणूस नरकात जातो का?"

मी म्हटलं, कुणी केला? तर हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या वर्षी तिला कावीळ झाली होती. पार डोळे हळदीसारखे, पोटात पाणी ठरेना. दवाखाना चालू होता, मंडळी येऊन प्रार्थना करून जात होती. तरीही एक दिवस आई कुणाला न सांगता माहेरच्या गावी गेली, देवीची ओटी भरली आणि पोर बरी झाली तर पुन्हा येईन असं बोलून आली. पोर बरी झाली. आई पुन्हा गेली, नारळ फोडून आली, आणि तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये गाणी म्हणताना तिचा आवाज बसतो, असं ही सांगत होती. कॅम्पात रोज पापावर शिकवण होत होती. आई माझ्यामुळे नरकात जाणार, असं तिने मनात धरलं होतं.

तिला हवं होतं ते एकच वाक्य. 'नाही गं, तुझी आई कुठे जात नाही.' माझ्या आईने चार दिवसांपूर्वी माझ्यावरून मिरच्या उतरवल्या होत्या. मला ते वाक्य दुसऱ्या कुणाहीपेक्षा सोपं होतं. पण मी कौन्सिलरला शोभेल असा चेहरा केला आणि म्हटलं, आपण यासाठी प्रार्थना करू.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही गं. फक्त देवाला."

तिने फ्रॉक पिळला, माझी ओढणीही माझ्या हातातून घेऊन धुऊन टाकली.

खरं सांगायचं तर त्या दुपारी मला आनंद झाला होता. दुसरा शब्द नाही. माझ्याकडेही एक विषय आला होता. जड, खरा, पवित्र शास्त्रातल्या गोष्टीसारखा. मला त्या पोरीची दया येत होती हे खोटं नाही, पण दयेच्या बरोबर हाही आनंद होता, आणि दोघांत जास्त कोण होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला. मी नाव घेतलं नाही. नियम पाळला. म्हटलं, एका मुलीची आई मंडळीच्या सेवेत आहे, एकटी बाई आहे, आणि मुलीच्या आजारपणात ती देवीला नवस बोलून आली आणि तो फेडूनही आली. मुलीच्या मनावर फार ओझं आहे. प्रीती गटाच्या कौन्सिलरने माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या नजरेसाठी मी चार दिवस थांबले होते ती नजर मला मिळाली. कोपऱ्यात त्याच कर्जतकडच्या मंडळीच्या पाळकांची, म्हणजे पास्टरांची, बायको दुपारच्या भाजीसाठी लसूण सोलत बसली होती. तिचा हात थांबला. माझ्या गटात आठ मुली. त्यातल्या सातजणींचे वडील होते, आणि मंडळीच्या सेवेत असलेली आई एकीचीच होती. नाव सोडून मी सगळं सांगितलं होतं.

दुपारी पाळकबाईंनी त्या मुलीला आंब्याखाली बोलावून घेतलं. अर्ध्या तासाने ती परत आली. रडलेली वगैरे नव्हती. सरळ आपल्या गादीकडे गेली, चादर झटकली, घडी केली, पुन्हा झटकली. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला तर ती म्हणाली, "तुम्ही जा ताई, जेवणाची घंटा झाली." मला तोवर ती अगं-तुगं करत होती. उरलेले तीन दिवस ती माझ्याशी अशीच अदबीने बोलली, वचनं न चुकता पाठ केली आणि वेणी दुसऱ्या गटातल्या मुलीकडून घालून घेतली.

पाळकबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांना खरोखर काळजी वाटली असणार. त्यांनी ते पाळकांना सांगितलं, पाळकांनी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना. प्रत्येकाने प्रार्थनेसाठीच सांगितलं. त्यात चहाडी कुणी केली नाही, आणि म्हणूनच ते थांबवणार तरी कोण होतं.

कॅम्पनंतर दोन आठवड्यांनी कर्जतला सगळ्या मंडळ्यांची मिळून उपकारस्तुतीची उपासना होती. मुलांनी गाणी म्हटली. चांगलं काम केलेल्या कौन्सिलरांना बक्षिसं दिली, त्यात मीही होते. मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर पाळक म्हणाले की एका बहिणीला मंडळीपुढे काही बोलायचं आहे. ती उठली. निळी सुती साडी, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती म्हणाली, "पोर हातची जाते असं वाटलं. माज्या जिवाला काय सुचलं नाय. मी देवीकडं गेले. चुकलं माजं. प्रभूनं माफ करावं आन तुमी पन करावं."

एवढंच. ती बसली. तिची मुलगी शेजारी होती, सरळ पुढे बघत. घड्याळ माझ्या मांडीवर होतं आणि त्यात सेल घातलेला असल्याने ते चालू होतं. उठून दोन शब्द बोलावे असं मला वाटलं का? वाटलं. माझी आईही दृष्ट काढते, माझी मावशी नातवाच्या दंडाला ताईत बांधते, इथे बसलेल्या निम्म्या बायकांच्या घरात काहीतरी आहे, हे मला ठाऊक होतं आणि त्या बायकांनाही ठाऊक होतं. आम्ही सगळ्या खाली बघत बसलो. नंतर चहा झाला, चिवडा झाला. बायकांच्या सभेत गाणी धरायला त्या दिवसापासून दुसरी बाई नेमली, असं मला पुढे कळलं. वसतिगृहातून तिला कुणी काढलं नाही. पावसाळा संपता संपता तीच सोडून गेली.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती समजूत घालेल. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली आणि म्हणाली, "उद्या माजं पन सांगशील." त्यानंतर तिने माझी दृष्ट कधी काढली नाही. म्हणजे माझ्यासमोर नाही. लग्न होऊन निघाले त्या सकाळी तिच्या पदराला जळक्या मिरचीचा वास येत होता, आणि मी काही विचारलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी कशेळ्याच्या पुढे एका शाळेत नोकरीला आहे. कॅम्पला पुन्हा गेले नाही. बोलावणं आलं की परीक्षेचे पेपर आहेत असं सांगायचे, मेमध्येसुद्धा. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस कशेळ्याच्या बाजारातून घरी निघाले होते. जीप भरायची वाट बघत आत बसले होते. एक बाई भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन चढली आणि माझ्या समोर बसली. केस पांढरे झाले होते, पण पदर तसाच घट्ट. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. व्हायचं ते टळलं नाही.

"तू क्यांपातली ताई ना गं? घड्याळवाली?"

मी हो म्हटलं. तिने आनंदाने माझी चौकशी केली. लग्न, मुलंबाळं, सासर कुठलं. आपण एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला आहोत, मालक शनिवार-रविवारीच येतात, बरं चाललंय म्हणाली. मुलीचं विचारावं की नाही ते मला कळत नव्हतं, तेवढ्यात तिनेच काढलं. नर्सिंग केलं पोरीने. पुण्याला असते. पैसे पाठवते, सणाला कपडे पाठवते.

"पन बोलत नाय गं माज्याशी. बोलते, म्हंजी जेवलीस का, गोळी घेतलीस का. मनातलं काय नाय." तिने पिशवीतली मेथी उगाच नीट केली. "तवा मी तिला मारलं होतं. तोंडावर. आपल्या घरातलं चारचौघांत कशाला सांगितलंस, म्हनून. ती म्हनायची मी कुनाला नाय सांगितलं. मग काय देवानं येऊन सांगितलं? मी अजून मारलं. शेवटी गप बसली. ती बसली ती बसलीच."

मी तिच्याकडे बघत होते. मला तेव्हा समजलं की मुलीने माझं नाव घेतलंच नव्हतं. 'ताईला सांगितलं' एवढं म्हणाली असती तर मार वाचला असता. माझं गुपित तिने पाळलं होतं. माझ्या दाराच्या पुठ्ठ्यावरचं ते 'विश्वासूपणा' नाव खरं केलं ते तिने.

आणि आत्ता, या जीपमध्ये, एका वाक्यात सगळं होण्यासारखं होतं. मावशी, तिने फक्त मला सांगितलं होतं, फोडलं ते मी. त्या बाईने संध्याकाळी पुण्याला फोन केला असता. काय बोलल्या असत्या कोण जाणे, पण बोलल्या असत्या. वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ड्रायव्हर बाहेर अजून एका सवारीसाठी ओरडत होता, म्हणजे वेळही होता. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मावशी, मी प्रार्थना करीन."

तिने माझ्या हातावर दुसरा हात ठेवला. थापटला.

"कर गं बाय," ती म्हणाली. "पन मनातल्या मनात कर."

दोन फाट्यांनंतर ती उतरली. पिशव्या जड होत्या म्हणून एक पिशवी मी खाली दिली.