भरलेल्या गाडीचा ब्रेक

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एकेकाळी डेपोतले सगळ्यात वक्तशीर ड्रायव्हर होते. लोक त्यांना 'घड्याळ' म्हणायचे. पुढची सव्वीस वर्षं मात्र त्यांनी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत लोकांच्या छत्र्यांना चिठ्ठ्या बांधण्यात काढली. त्यांना तिथे बसवणारा माणूस मी.

झालं असं, की उतारावर त्यांची गच्च भरलेली बस एका दुकानाच्या भिंतीत घुसली. नऊ जणांना लागलं, एका बाईचा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत दाजी एकच सांगत राहिले, "पाय ब्रेकवरच होता. पेडल खाली जाईना." गाडी तपासायला वर्कशॉपमधून मला पाठवलं. नातं आड येऊ नये हे सगळ्यांना कळत होतं, पण ब्रेकच्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. आमच्या शिरस्त्याप्रमाणे मी रिकामी गाडी आवारात फिरवली. दहा वेळा ब्रेक दाबला, दहाही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. 'ब्रेक निर्दोष' असं लिहून खाली सही ठोकली. नात्याला भुललो नाही म्हणून वर पाठही थोपटून घेतली.

ताई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. दाजी बोलायचे, पण त्या विषयावर हळूहळू गप्पच झाले. गप्प झाले म्हणजे कबूल केलं, असा सोयीचा अर्थ मी काढला. त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. घरची स्कूटरसुद्धा ताईच चालवायची आणि दाजी मागे भाजीची पिशवी धरून बसायचे.

तीच बस मी निवृत्तीनंतर भंगारातून सोडवली आणि चार वर्षं खपून उभी केली. हौस म्हणा, खोड म्हणा. मूळ होती तशीच्या तशी करायची हा माझा हट्ट. स्क्रूसुद्धा जुन्याच मापाचे. आवारात वीसेक वेळा फिरवली. रस्त्यावर चाचणीला काढायच्या सकाळी जुने सहकारी बायकांसकट हजर! बेचाळीस जागांच्या गाडीत पन्नास माणसं चढली. दाजी येतील असं वाटलं नव्हतं, पण ताईने त्यांना हाताला धरून आणलं आणि माझ्या बरोबर मागे बसवलं.

"किती जपून सोडतोस रे क्लच," दाजी म्हणाले. "बस आहे ती, काचेचं सामान नाही."

गाडीवरून त्यांनी केलेली ही इतक्या वर्षांतली पहिली थट्टा. मला फार बरं वाटलं.

उतार लागला. मी ब्रेकवर पाय दिला आणि पेडल खाली गेलं नाही. पुन्हा दाबलं. सीटवरून उठून सगळं वजन टाकलं, तरी हलेना. खरं सांगतो, अशा वेळीही डोक्यात पहिला विचार आला तो हा, की हे शक्यच नाही, ब्रेक मी तपासलेत. समोर वळणावर लाकडाच्या वखारीचं फाटक मोठं मोठं होत होतं. मागे बायका किंचाळत होत्या.

"दुसरा गिअर टाक!" दाजी कानाशी ओरडले. "हँडब्रेक दमाने ओढ, झटका देऊ नकोस! डाव्या कठड्याला घास!"

मी सांगितलं तसं केलं. नवाकोरा रंग खरवडत बस फाटकाच्या चार हात अलीकडे थांबली.

चाकांना दगड लावून मी खाली शिरलो. माणसांच्या ओझ्याने स्प्रिंगचे पाटे दबून गाडी खाली बसली होती आणि ब्रेकची सळई चासीच्या आडव्या पट्टीला अडकली होती. मी ताईला ब्रेक दाबून बघत राहायला आणि बाकी सगळ्यांना उतरायला सांगितलं. माणसं उतरत गेली तशी गाडी वर उचलली गेली आणि सळई सुटली. ड्रायव्हरच्या जागेवरून ताईचा आवाज आला, "आता जातंय की रे खाली!" ज्या ठिकाणी सळई अडकली होती, तिथे त्या पट्टीवर पूर्वी एक खाच होती. गाडी उभी करताना मीच ती साधी झीज समजून भरून काढली होती आणि वर दोन हात रंग दिला होता.

मी बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर बोललो. "दाजी, भरल्या गाडीत ब्रेक अडकतो. तेव्हाही अडकला होता. तुमचा पाय ब्रेकवरच होता. मी रिकामी गाडी तपासली. चूक माझी."

वाटलं, आता एक ठेवून देतील. दिली असती तर बरं झालं असतं. दाजी कठड्यावर बसले आणि आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले.

"मला वाटायचं, गोंधळात मीच दुसऱ्या पेडलवर पाय दिला असेल," ते म्हणाले. "पहिली दोन वर्षं ठाम होतो. मग वाटलं, सख्ख्या बहिणीच्या संसाराचा प्रश्न असताना हा उगाच असं लिहिणार नाही. तू लिहिलंस, म्हणून मी मानलं. त्या बाईच्या घरी जाऊन माफीही मागून आलो."

ताई पायरीवरच थांबली. "आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"माझ्यावर विश्वास ठेवणारी तू एकटी उरली होतीस," दाजी म्हणाले. "तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"