झेरॉक्सवाल्या मामींचे घरगुती गेम

मामींना कुणी गेम विचारला की त्या आधी त्या माणसाकडे नीट बघत. शिरूरला कचेरीच्या रस्त्यावर त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं. पन्नाशीच्या बाई, डोक्यावर पदर, नाकावर घसरलेला चष्मा, आणि गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर गेम. नवीन माणूस दारातच थबकायचा. आम्हाला मात्र त्याची सवय झाली होती.

मोठमोठ्या कंपन्यांचे मारामारीचे गेम त्यांना चालत नसत. कुठल्या तरी देशात एकदोघांनी घरात बसून केलेले, तीनचार तासांत संपणारे छोटे गेम त्या शोधून काढत. त्यांना त्या ‘घरगुती गेम’ म्हणत. “पापड कसं, घरचं निराळं लागतंय. तसंच हाय हे,” असं त्यांचं म्हणणं. इंग्रजी त्यांना बेताचंच येई. अडलेला शब्द पावतीच्या मागे लिहून ठेवत आणि कॉलेजची पोरं आली की विचारत.

मी तेव्हा सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला नुकतीच लागले होते. लाइनवरच्या चुका माझ्या नावावर पडत आणि मी घरी कुणाशी धड बोलत नसे. फॉर्मची प्रत काढायला गेले, तर मामींनी मला एका नावाड्याचा गेम लावून दिला. त्यात काही जिंकायचं नव्हतं. माणसं होडीत बसत, आपलं सांगत आणि पलीकडे उतरून जात. शेवटच्या फेरीला होडीत कुणीच नसतं, तेव्हा नावाडी स्वतःचं बोलू लागतो. त्या रविवारी मी आईजवळ बसून सगळं सांगितलं.

मामींना हा नाद मामांच्या पश्चात लागला. दौंडला दिलेल्या मुलीने त्यांना एक बागेचा गेम दिला होता. एका म्हाताऱ्याची बायको गेलेली असते आणि तिने लावलेली बाग तो वर्षभर सांभाळतो. शेवटी तिचं खुरपं दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. त्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. मामींनी तो दोनदा खेळला होता. “दुसऱ्या बारीला मामांचे कपडे कपाटातनं काढले बघ,” असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

म्हणून गुरुजींना त्यांनी तोच दिला. गुरुजी निवृत्त शिक्षक होते. बायकोच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला आले आणि मग रोज दुपारी येऊ लागले. मामी त्यांच्याशेजारी स्टूल घेऊन बसत, कुठली कळ दाबायची ते सांगत. गुरुजी झाडांची मराठी नावं सांगत. महिनाभरात त्यांचा आवाज जरा मोकळा झाला होता.

खुरप्याचा प्रसंग आला त्या दिवशी दुकानात प्रवेशाच्या फॉर्मची गर्दी होती. मीही रांगेत होते. गुरुजी माउसवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसते बसले होते. मामी काउंटरवरूनच म्हणाल्या, “दाबा गुरुजी, काय होत न्हाई.” त्यांनी दाबलं. मग टोपी घातली आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

चार दिवसांनी त्यांचा मुलगा आला. तो ओरडला नाही. वडील बोलत नाहीत, असं त्याने सांगितलं. आईच्या साड्या त्यांनी अंगणात नेऊन ठेवल्या, संध्याकाळी एकेक करून परत आत आणल्या आणि तेव्हापासून खोलीबाहेर आले नाहीत. “तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं, मामी?” एवढंच त्याने विचारलं.

मुलाने गुरुजींना आपल्याकडे पुण्याला नेलं. वर्षभरातच ते गेल्याचं कळलं. त्याआधीच मामींनी गेम सांगणं बंद केलं होतं. कुणी विचारलं तर “आता ध्यानात न्हाई राहत” म्हणत. मी त्यांची समजूत घालत असे, की गुरुजींचं वय झालं होतं, यात गेमचा काय दोष. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, “गेमचा दोष न्हाईच. मला बरं वाटलं म्हंजी त्यांनाबी वाटंल, असं मी धरून चालले. आन् नेमकं तवाच मी शेजारनं उठले.”

पुढे त्यांनी दुकान दुसऱ्याला दिलं आणि मुलीकडे दौंडला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी एखादा गेम सांगा म्हणून हट्ट धरला. त्यांनी पावत्यांच्या मागच्या त्या शब्दांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला, गेम मात्र सांगितला नाही.

आता कारखान्यात लोक मला गेम विचारतात. गेल्या महिन्यात ओडिशाच्या एका मुलीने विचारलं. तिची आई गावी वारली होती आणि तिला वेळेवर पोहोचता आलं नव्हतं. मी घाबरत घाबरत तिला नावाड्याचा गेम दिला. रविवारी दुपारी माझ्याच खोलीवर, माझ्या लॅपटॉपवर ती खेळली. होडी रिकामी झाली तेव्हा ती गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. तिथेच बसून मी मामींना फोन लावला आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

मग मामींनी विचारलं, “अजून रडतीय का?”

मी हो म्हटलं.

“मग फोन ठिव,” त्या म्हणाल्या, “आन् उठू नको.”