रिकामा चौकोन

माझी ताई पडदे शिवते. तिची शिवण कधी वाकडी जात नाही आणि एकदा ठरवलेलं ती कुणाच्या बापाचं ऐकून बदलत नाही. तिची नऊ वर्षांची मुलगी मुंगी बोलत नाही, म्हणून मुंगीच्या गळ्यात एक टॅब असतो. त्यावर चित्रांचे चौकोन. चौकोन दाबला की टॅब बोलतो: पाणी, बाहेर, नको, दुखतं.

'दुखतं'वर मुंगीचा भारी जीव. नखं कापली, दुखतं. केस विंचरले, दुखतं. एकदा दुकानात गिऱ्हाइकासमोर तिनं ते वीसदा वाजवलं. त्या बाईनं ताईकडे असं पाहिलं की ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लोकांना वाटतं, मी पोरीला मारते," ती म्हणाली आणि तिनं तो चौकोन लपवून टाकला. टॅब शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, शब्द कधी काढायचा नाही. पण ताईपुढे कुणाचं चालतंय! मीही हसण्यावारी नेलं. त्याची मला अजून लाज वाटते.

आठवड्याभरातच एका सकाळी मुंगीनं खाणं सोडलं. कापडाच्या टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली. टॅब गप्प, बोट मात्र टकटक चालू.

"आज काय खूळ घेतलंयस?" ताई मशीनवरूनच ओरडली.

मी खाली वाकले. पोरीचं अंग चटका बसेल इतकं तापलेलं, ओठ पांढरे. आणि बोट एकाच जागी, कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकोनावर. पुन्हा, पुन्हा तिथंच.

"ताई, इथं कुठला शब्द होता गं?"

ताईच्या हातातली कात्री पडली. मी पोरीला उचललं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे. "कधीपासून दुखतंय हिला?" ताईनं माझ्याकडे पाहिलं.

ऑपरेशन चालू असताना ताई बाकावर बसून तो चौकोन परत आणत होती. पासवर्ड तीनदा चुकला. "हिनं आता मला काही सांगितलंच नाही तर?" ती पुटपुटत होती. मीही घाबरले होते, तिला काय धीर देणार!

मुंगी शुद्धीवर आली. ताईनं टॅब पुढे धरला. मुंगीचं बोट कोपऱ्याकडे गेलं, मध्येच थांबलं आणि मागे आलं. पोटाला टाके, तरी ती दाबेना.

मग ताईनंच दाबलं. दुखतं. पुन्हा दाबलं. दुखतं.

मुंगीनं बराच वेळ आईकडे पाहिलं. मग हळूच आपलं बोट टेकवलं.

दुखतं.

"कळलं गं बाई, कळलं," ताई म्हणाली आणि नर्ससमोरच हमसून हमसून रडली.