लाल ठिपक्याचा पेला

सासूबाईंना नौपाड्यातल्या छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचे, तेव्हा ती बाई नेहमी खिडकीजवळच्या बाकावर दिसायची. बाजूला स्टीलचा पेला, त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. पाणी पिण्याआधी ती तो ठिपका अंगठ्याने चाचपून बघायची.

मी पडले भोचक. एकदा विचारलंच.

"टीबी समजून घरच्यांनी माझा पेला वेगळा काढलेला," ती म्हणाली. "टीबीच्या गोळ्या संपल्या तरी खोकला तसाच. मग कळलं, सार्कॉइडोसिस. फुप्फुसात टीबीसारख्याच गाठी होतात, कधीकधी डोळेही लाल होतात. हा कुणाला लागत नाही. पण आता मलाच दुसऱ्या पेल्यातलं पाणी घशाखाली उतरत नाही."

"हा आजार दुर्मिळ असतो ना?"

"ओळखतच नाहीत, म्हणून दुर्मिळ! वर्तकनगरापासून डोंबिवलीपर्यंत टीबी म्हणून कितीजण तो घेऊन फिरतायत, त्यांना तरी कुठे माहितीये?"

मग ती पापणी न लववता माझ्याकडे बघत राहिली.

"तुमचा डोळा कधीपासून लाल आहे?"

"मी फक्त सासूबाईंना घेऊन आलेय," मी घाईघाईने म्हटलं.

तिने पेला उचलून मांडीवर घेतला आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.

"मीपण पहिल्यांदा सासूबाईंनाच घेऊन आलेले."