भिलाटीतला रथ

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील शेतमजुरांच्या संघटनेत होते. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते, आणि जोडून वाचता आलेला माझा पहिला शब्द 'बंधू-भगिनींनो' हा होता. देव मी मानत नाही. तरी कार्तिकात आमच्या गावात बालाजीचा रथ निघतो तेव्हा अंगावर काटा येतो, आजही. दुमजली घराएवढा सागवानी रथ करकरत पुढे सरकतो, चाकाखालची जमीन पायाला थरथरते आणि शहादा-नंदुरबारहून माहेरी आलेल्या बाया ओट्यांवर उभ्या राहून गप्प होतात. त्या गप्प होण्याला मी हसू शकत नाही.

हा रथ दोर धरून शेकडो माणसं ओढतात, पण चालवतो एकच. त्याला ना लगाम, ना ब्रेक. लांब दांड्याची एक लाकडी पाचर असते, तिला मोगरी म्हणतात. उजव्या चाकाखाली सरकवली की रथ उजवीकडे वळतो, डाव्या चाकाखाली सरकवली की डावीकडे. नीट दाबून बसवली की तो जागीच उभा राहतो, मग पुढून कितीही ओढा. आमच्याकडे मोगरी लावतात त्यांचं नाव बाबा भिल्ल, माझ्या काकांच्या शेतावर सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारे गडी. मोगरी त्यांच्या बापाकडून त्यांच्याकडे आली. रथाच्या दिवशी ते सकाळपासून निरंकार उपास करतात आणि अनवाणी असतात. रथ दाराशी थांबला की घरची बाई आरती ओवाळते, मग बाबा मोगरी काढतात आणि रथ पुढल्या दारी जातो.

गावातल्या प्रत्येक गल्लीत जातो, फक्त भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, जात नाही. चावडीपाशी रस्ता फुटतो. डावीकडे देऊळ, उजवीकडे भिलाटी. बाबांची बायको, तिला मी मावशी म्हणते, दरवर्षी ताट तयार करते आणि ते तसंच झाकून ठेवून चावडीवर गर्दीमागे येऊन उभी राहते. तिथून तिला नुसता कळस दिसतो. नवरा ज्या देवाला दारोदार थांबवतो, त्याला तिने त्या वर्षापर्यंत कधी जवळून ओवाळलेलं नव्हतं.

उत्सव समितीचे अध्यक्ष माझे काकाच. मी विचारलं की म्हणायचे, गल्ली कच्ची आहे, चाक रुतेल. उन्हाळ्यात गल्लीत सिमेंट पडलं. मग म्हणाले, वायरी आड येतात. आमच्या गल्लीतल्या वायरी वायरमन बांबूने उचलून धरतो, तसाच तिथेही धरेल, असं मी म्हटल्यावर त्यांनी शेवटी परंपरा काढली. परंपरा हा शब्द आमच्याकडे दाराला आडणा लावावा तसा लावतात.

मला राग आला आणि मला सवय होती तेच मी केलं. पत्रक छापलं. 'मोगरी ज्याच्या हातात, त्याच्याच दारात देव नाही,' असा मथळा. खाली मोठ्या अक्षरात: 'रथ कुठे वळवायचा ते आता तुम्हीच ठरवा.' बाजाराच्या दिवशी स्वतः वाटलं. बाबांना एका शब्दाने विचारलं नाही. त्यांच्यासाठीच लिहीत होते ना, मग विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी समितीची माणसं बाबांच्या घरी गेली आणि मोगरी घेऊन आली. बाबा तिला तेल लावत बसले होते, तशीच उचलली. मी धावत गेले तेव्हा ते हात पुसत होते.

"मन्हं काम तू कागदवर लिखं, ताई," ते म्हणाले. "इचारं व्हतं का माले?"

रथाच्या दिवशी मोगरी काकांच्या मुलाकडे होती. तो सुरतेला नोकरीला आहे आणि जिमला जातो. दंडात जोर असला म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटलं. बाबा धुतलेले कपडे घालून भिलाटीच्या तोंडाशी उभे होते. उपास त्यांनी याही वर्षी धरला होता.

दोनदा रथ ओट्याला घासला. चावडीजवळच्या उतारावर त्याने वेग घेतला, माणसं ओरडली आणि माझ्या या चुलतभावाने घाबरून मोगरी उजव्या चाकाखाली घातली. रथ उजवीकडे फिरला आणि पुढची दोन्ही चाकं भिलाटीच्या गल्लीत शिरली. कोणी म्हणालं, मागून ट्रॅक्टर लावा. तेव्हा बाबा पुढे आले, वाकून चाकांचा आस पाहिला, आणि काकांकडे न बघता बोलले.

"मांगे ओढशात तं आस मोडी. आते पुढेच लई जानं पडी. हिरीपासून फिरीसन देवळात."

रथ पुढेच न्यायचा, विहिरीला वळसा घालून, म्हणजे अख्ख्या भिलाटीतून. काकांचं तोंड मला अजून आठवतं. त्यांनी मोगरी बाबांच्या हातात दिली आणि दोर धरणाऱ्यांना लवकर ओढायला सांगितलं.

पहिल्याच दाराशी बाबांनी मोगरी दाबून बसवली. पुढून ओढ बसली, रथ हलला नाही. घरातली बाई बाहेर आली, तिच्याकडे ताटही नव्हतं, तिने पाण्याचा तांब्या ओवाळला. मग पुढलं दार. काका म्हणत होते, चला, उशीर होतोय. प्रत्येक दाराशी बाबा थांबवत होते. मावशीचा दिवा वाऱ्याने दोनदा विझला, तिने दोनदा लावला. तोवर गावातली मातब्बर माणसं दोर हातात घेऊन तिच्या अंगणात ताटकळली. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. एवढ्यासाठी एका माणसाची चूक व्हावी लागली?

देवळाशी पोचल्यावर पुजाऱ्यांनी चाकांवर पाणी शिंपडलं. दरवर्षी शिंपडता का, असं मी विचारलं. धूळ होती, म्हणाले.

त्या आठवड्यात समितीने ठराव केला, की रथ चुकून भिलाटीत गेला, पुढे जुनाच मार्ग राहील. मी नवं पत्रक लिहिलं, पण या वेळी आधी बाबांकडे नेऊन वाचून दाखवलं. 'चुकून का होईना, देव भिलाटीत आला,' या ओळीवर त्यांनी हात वर केला.

"चुकून नही. मी लई गऊ त्याले. तसं लिख."

'बाबांनी नेलं' असं छापलं तर ते मोगरी कायमची घेऊन जातील, असं मी सांगितलं. मावशी चुलीपाशी भाकरी थापायची थांबली. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

"लई जाऊ दे," ते म्हणाले. "मंग रथ चालाडी दखा म्हना."